खडकांचा पाठ : आधी हात, मग नाव



प्राथमिक शाळेतील भूगोलाच्या व परिसर अभ्यासाच्या पाठांत खडकांचा पाठ हा सर्वांत सोपा मानला जातो. शिक्षक फळ्यावर ‘अग्निज, स्तरित, रूपांतरित’ अशी तीन नावे लिहितात, मुले ती वहीत उतरवून घेतात, दोन-चार वेळा एका सुरात म्हणतात, आणि तासिका संपते. तपासणीच्या वेळी प्रश्न विचारला की उत्तर खाडकन येते. परंतु त्याच मुलास शाळेच्या पायरीचा दगड दाखवून ‘हा यांपैकी कोणता?’ असे विचारावे, म्हणजे सारा वर्ग गप्प होतो. वस्तुतः आपल्या जिल्ह्यातील मूल जन्मल्यापासून दगडांच्या सहवासात वाढते. घराचा पाया, विहिरीची कड, जाते, पाटा, देवळाचा ओटा, गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोणी, हे सर्व त्याच्या हाताखालचे असते. एवढे जवळचे साहित्य असताना हा पाठ निव्वळ पाठांतराचा व्हावा, ही खेदाची गोष्ट आहे.

या लेखाचे निमित्त माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती प्रथम सांगतो, कारण पुढे सुचविलेली पाठाची सारी रचना तिच्यातूनच सुचली आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीत मी पाचवीच्या वर्गास प्रश्न विचारला, ‘खडकांचे प्रकार किती?’ शेवटच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, ‘तीन.’ मी विचारले, ‘कोणते?’ तो म्हणाला, ‘घडणारा, फुटणारा आन् झिजणारा.’ वर्ग हसला. मीही किंचित हसलो, त्यास खाली बसावयास सांगितले आणि पुढच्या मुलीकडे वळलो. तिने पुस्तकातील तीन नावे बिनचूक सांगितली. मी तिला शाबासकी दिली व शेरेबुकात ‘विषयाची तयारी समाधानकारक’ असे लिहून निघालो. बाहेर आल्यावर वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘साहेब, त्याचे वडील पाथरवट आहेत. पाटे-वरवंटे घडवतात.’

वाटेत मला उमगले की, त्या मुलाने वर्गीकरणच सांगितले होते. जो दगड टाकी धरतो व ज्याचा पाटा होतो तो घडणारा. घणाखाली ज्याचे वेडेवाकडे तुकडे पडतात व ज्याची फार तर डबर-खडी होते तो फुटणारा. आणि जो हाताने चोळला तरी भुगा होतो, कशाच्याच कामाचा नसतो, तो झिजणारा. पुस्तकातील वर्गीकरण दगड कसा जन्मला यावरून केलेले असते. त्याचे वर्गीकरण दगड कसा वागतो यावरून केलेले होते. त्या वर्गात दगड हाताळून उत्तर देणारा तो एकच होता, आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यास चुकीचा ठरविले. पुढच्या भेटीत मी त्याची चौकशी केली, तेव्हा त्याचे कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी गेल्याचे कळले. त्यास ‘तुझे उत्तर बरोबर होते’ एवढे सांगावयाचे माझ्याकडून राहूनच गेले.

यावरून मी एक नियम घेतला, तो असा : खडकांच्या पाठात पुस्तकातील नावे सर्वांत शेवटी द्यावीत. आधी मुलांनी दगड गोळा करावेत, हाताळावेत, पारखावेत व आपल्या बुद्धीने त्यांची मांडणी करावी. मग नाव द्यावे. नाव आधी दिले की मुलांचे डोळे मिटतात. शेवटी दिले की ते त्यांना स्वतःच्या शोधाचे बक्षीस वाटते. खाली पाच तासिकांची योजना दिली आहे. ती इयत्ता चौथी ते सहावीच्या वर्गांस, आणि थोडा फेरफार करून बहुवर्ग शाळेसही, उपयोगी पडेल.

१. शिक्षकाची पूर्वतयारी

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाप्रमाणे आपला जिल्हाही काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचास पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला व थंड झाला. असे एकावर एक अनेक थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे. थरांची जाडी पश्चिमेस सह्याद्रीकडे सर्वांत अधिक असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत मात्र निराळे व याहून पुष्कळ जुने खडकही आढळतात. दक्षिण कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर जो तांबडा, सच्छिद्र जांभा दिसतो, तो उष्ण व दमट हवेत मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होऊन बनलेला आहे.

‘आमच्या गावी एकच खडक, मग तीन प्रकार दाखवावे कसे?’ अशी अडचण अनेक शिक्षक सांगतात. ही अडचण खरी नाही. शाळेच्या वर्गात शहाबादी फरशी असेल, तर मुले रोज स्तरित खडकावरच बसतात! ही फरशी कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येते. ती चुनखडक असून अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळापासून बनलेली आहे. देवळातील किंवा देवघरातील संगमरवर हा रूपांतरित खडक आहे. चुनखडकावर उष्णता व दाब यांचा परिणाम होऊन तो तयार होतो. कोणाच्या माळ्यावर जुनी दगडी पाटी पडलेली असेल, तर तीही रूपांतरित खडकाचीच. गावातील नव्या घराच्या ओट्याचा ग्रॅनाइट हा अग्निज खडक होय. बांधकाम करणाऱ्या गवंड्याकडे या सर्वांचे तुकडे फुकट मिळतात. शिक्षकाने आठ दिवस आधी निरोप दिला, तर एका पिशवीत तिन्ही प्रकार शाळेत येऊन पडतात.

२. पहिली तासिका : दगडांची मांडणी

आदल्या दिवशी प्रत्येक मुलास निरनिराळ्या ठिकाणचे तीन दगड आणावयास सांगावे : एक शेतातला, एक ओढ्यातला व एक घराजवळचा. दगड मुठीत मावेल एवढाच असावा. प्रत्येक दगडावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तीवर मुलाचे नाव व दगड मिळाल्याची जागा लिहावी. जागा लिहिल्यावाचून आणलेला दगड घेऊ नये. कोठून आला हे ठाऊक नसलेला दगड अभ्यासाच्या दृष्टीने निम्मा मुका असतो, ही गोष्ट मुलांस पहिल्याच दिवशी कळली पाहिजे.

वर्गाचे पाच-सहा गट करावेत. प्रत्येक गटाने आपले दगड जमिनीवर मांडून त्यांचे ढीग पाडावेत. ढीग कशावरून पाडावयाचे हे शिक्षकाने मुळीच सांगू नये. नंतर प्रत्येक गटास आपला नियम बोलून दाखवावयास सांगावे. संभाषण साधारणपणे पुढीलप्रमाणे चालेल.

शिक्षक : तुमच्या गटाने किती ढीग केले?
विद्यार्थिनी : चार, गुरुजी. गुळगुळीत, खरबरीत, भोकांचे आणि पांढऱ्या ठिपक्यांचे.
शिक्षक : हा दगड गुळगुळीत आहे आणि यावर ठिपकेही आहेत. मग हा कोणत्या ढिगात?
विद्यार्थिनी : (विचार करून) दोन्हीकडे बसतो.
शिक्षक : मग तुमच्या नियमात काय सुधारणा कराल?
दुसरा विद्यार्थी : गुरुजी, गुळगुळीतपणा पाण्याने येतो. ठिपके आतून असतात. आपण ठिपक्यांवरून ढीग करू.

येथे शिक्षकाने थांबावे. बाहेरून आलेला गुण व आतला गुण यांतील भेद मुलांनी आपणहून शोधला आहे. सर्व गटांचे नियम फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहावेत. ‘जड-हलका’, ‘काळा-तांबडा’, ‘घडणारा-फुटणारा’, असा जो नियम येईल तो लिहावा. कोणताही पुसू नये. कोणत्याही उत्तरास वर्ग हसणार नाही याची काळजी घ्यावी, आणि शिक्षकाने स्वतः तर मुळीच हसू नये.

३. दुसरी तासिका : परीक्षा

आता दगडांची परीक्षा घ्यावयाची. तिला लागणारे साहित्य असे : बोटाचे नख, तांब्याच्या तारेचा तुकडा, लोखंडी खिळा, लिंबू, तराजू व पाण्याचे भांडे.

पहिली परीक्षा कठीणपणाची. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर ओरखडा काढते यावरून खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी फ्रीडरिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली तयार केली. तिच्यात नखाचा कठीणपणा सुमारे अडीच, तांब्याचा तीन, साध्या खिळ्याचा साडेचार ते पाच व गारगोटीचा सात धरतात. मुलांनी प्रथम नखाने, मग तारेने, मग खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. संगजिऱ्यावर नखाचा ओरखडा उठतो. शहाबादी फरशीवर खिळ्याचा उठतो. गारगोटीवर मात्र खिळाच झिजतो व आपली करडी रेघ मागे ठेवतो. ती रेघ ओल्या बोटाने पुसली जाते का, हे पाहावयास सांगावे. पुसली गेली तर ती खिळ्याची धूळ, न गेली तर दगडावरचा ओरखडा.

काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे पांढरे चमकदार खडे सापडतात, त्या सर्वांस मुले ‘गारगोटी’ म्हणतात. वस्तुतः त्यांत गारगोटीखेरीज कॅल्साइट व झिओलाइट गटातील खनिजेही असतात. डोळ्यांस हे खडे सारखे दिसले, तरी कॅल्साइटवर खिळ्याचा ओरखडा सहज उठतो. दिसण्यावर विसंबू नये, पारखून घ्यावे, ही शिकवण येथे आपोआप मिळते.

दुसरी परीक्षा लिंबाची. काळ्या रानात सापडणारी चुनखडी कुटून तिच्या भुग्यावर लिंबाचा रस टाकावा. कान जवळ नेल्यास बारीक फसफस ऐकू येते व बुडबुडे दिसतात. शहाबादी फरशीच्या फुटक्या तुकड्याच्या भुग्यावरही तसेच घडते. काळ्या पाषाणाच्या भुग्यावर काही घडत नाही. एक सूचना : हा प्रयोग खडूवर करून दाखविण्याचा मोह होतो, परंतु बाजारातील पुष्कळ खडू जिप्समचे असतात, त्यांवर बुडबुडे येत नाहीत. आधी घरी करून पाहावे.

तिसरी परीक्षा जडपणाची. दगड तराजूत तोलावा. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात तो दोऱ्याने हळूच सोडावा आणि बाहेर सांडलेले पाणी ताटलीत धरून तोलावे. समजा, दगड ५८० ग्रॅम भरला व सांडलेले पाणी २०० ग्रॅम भरले, तर दगड आपल्याएवढ्या आकाराच्या पाण्याच्या २.९ पट जड झाला. घट्ट काळा पाषाण बहुधा तीनपटीच्या आसपास येतो. भोके असलेला त्याहून हलका येतो. हा प्रयोग गणिताच्या तासिकेत घेतल्यास दशांश अपूर्णांकांचा सरावही होतो.

प्रत्येक गटाने निष्कर्ष तक्त्यात लिहावेत. तक्त्याचे रकाने असे : दगडाची जागा, रंग, कण दिसतात की नाही, नख, तार, खिळा, लिंबू, जडपणा.

४. तिसरी तासिका : खडक कसा जन्मतो

दगड कसा आहे हे पाहून झाल्यावर ‘तो असा का?’ हा प्रश्न मुलेच विचारू लागतात. त्याचे उत्तर तीन छोट्या प्रयोगांनी द्यावे.

पहिला प्रयोग तुरटीचा. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवावी (गरम पाणी शिक्षकानेच हाताळावे) आणि त्या पाण्याचे दोन भाग करावेत. एक भाग थंड पाण्यात ठेवलेल्या वाटीत ओतून ढवळत राहावे. थोड्या वेळात तळाशी बारीक रवा साचतो. दुसरा भाग झाकून, फडक्यात गुंडाळून रात्रभर न हलविता ठेवावा. सकाळी त्यात टपोरे खडे मिळतात. पदार्थ एकच, घाईने निवला तर कण बारीक, सावकाश निवला तर कण मोठे. आता मुलांच्या हाती काळा पाषाण व ग्रॅनाइट द्यावा. काळ्या पाषाणाचे कण डोळ्यांस सहसा दिसत नाहीत, कारण लाव्हा भूपृष्ठावर लवकर निवला. ग्रॅनाइटचे कण स्पष्ट दिसतात, कारण तो जमिनीखाली खोलवर फार सावकाश निवला. तुरटी पाण्यातून वेगळी होते, तर खडक तप्त रसापासून बनतो, हा फरक मुलांस अवश्य सांगावा. साम्य केवळ कणांच्या आकारापुरते घ्यावे.

दुसरा प्रयोग गाळाचा. रुंद तोंडाच्या बरणीत खडे, वाळू, माती व पाणी घालून ती जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. आधी खडे, मग वाळू, मग माती असे थर बसतात. नदीने वाहून आणलेला गाळ समुद्रात किंवा तळ्यात याच रीतीने बसतो; वरच्या थरांच्या भाराने खालचा गाळ दबतो, विरघळलेली खनिजे त्याचे कण सांधतात, व दीर्घ काळाने त्याचा खडक होतो. शेंगदाण्याची चिक्की समोर धरली, तर खडे गाळात सांधले जाणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

तिसरा प्रयोग दाबाचा. मळलेल्या शाडूत तांदळाचे दाणे अस्ताव्यस्त मिसळून गोळा करावा व दोन फळ्यांमध्ये ठेवून दाबावा. मग गोळा दोऱ्याने मधोमध कापावा. बरेचसे दाणे आडवे, एका दिशेने निजलेले दिसतात. भूगर्भातील प्रचंड दाब व उष्णता यांमुळे खडकातील कण असेच नव्याने रचले जातात, काही नवी खनिजेही तयार होतात. म्हणूनच पाटीचा दगड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो.

येथे प्रथमच फळ्यावर तीन नावे लिहावीत : अग्निज, स्तरित, रूपांतरित. मुलांनी आपल्या तक्त्यातील दगडांपुढे ती स्वतः भरावीत. जेथे शंका असेल तेथे ‘शंका’ असे लिहू द्यावे. अंदाजाने नाव भरण्याची सक्ती करू नये.

५. चौथी तासिका : चिखलाचा सह्याद्री आणि काळाची दोरी

एका लाकडी खोक्यात चिखलाचे थर द्यावेत : एक थर काळ्या चिकण मातीचा, त्यावर एक थर वाळू अधिक व माती थोडी अशा मिश्रणाचा, पुन्हा चिकण मातीचा, असे सहा-आठ थर. अर्धवट वाळल्यावर खोक्याची एक बाजू काढून झारीने पाणी सोडावे. वाळूचा थर आधी वाहून जातो, चिकण मातीचा थर पुढे डोकावतो, आणि पायऱ्या तयार होतात. मग मुलांस बाहेर नेऊन समोरच्या डोंगराकडे पाहावयास सांगावे. तेथेही उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, अशाच पायऱ्या दिसतात. घट्ट पाषाणाचा भाग कडा होऊन उभा राहतो. भोकांचा व मऊ भाग झिजून उतार होतो. या खडकास इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. डोंगर पाहून दूरदेशीच्या माणसांस जे सुचले, ते आपल्या मुलांस खोक्यातल्या चिखलावरून उमगेल.

६.६ कोटी वर्षे हा आकडा मुले सहज म्हणतात. पण त्याची कल्पना त्यांस येत नाही. त्यासाठी ओसरीत ६६० सेंटिमीटर लांबीची दोरी बांधावी. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षे. दोरीचे एक टोक म्हणजे दख्खनचा लाव्हा, दुसरे टोक म्हणजे आज. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे ३ लाख वर्षे झाली, असे आजवर मिळालेल्या अवशेषांवरून मानतात. म्हणजे शेवटची फक्त तीन सेंटिमीटर! याच पाषाणात आठव्या शतकात कोरलेले वेरूळचे कैलास लेणे या दोरीवर आजपासून मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढ्या अंतरावर येते. शिवछत्रपतींचा काळ तर केसाच्या जाडीतच मावतो. मुले दोरीजवळ बराच वेळ उभी राहतात, असा माझा अनुभव आहे.

६. पाचवी तासिका : गावातील जाणकार

गावात किंवा जवळपास पाथरवट, वडार, गवंडी अथवा विहिरी खोदणारे कोणी ना कोणी असतातच. त्यांपैकी एकास शाळेत निमंत्रण द्यावे. ते आपल्या रोजच्या मजुरीतून वेळ काढून येणार, याची जाणीव ठेवून त्यांच्या सोयीची वेळ विचारावी. आल्यावर त्यांस खुर्ची द्यावी. वर्गात आपण पाहुण्यास जे आदराने बोलतो तसेच त्यांच्याशी बोलावे. मुलांनी प्रश्न आधीच लिहून ठेवावेत : दगड चांगला की वाईट हे आपण आवाजावरून कसे ओळखता? पाट्यास कोणता दगड घेता? टाकी कोणत्या दिशेने चालवावी? विहीर खणताना आधी काय लागते, मग काय लागते?

विहीर खोदणारे सांगतील : वर माती, मग मुरूम, मग कोठे मांजऱ्या, कोठे गेरूसारखा तांबडा थर, आणि मग काळा पाषाण. त्यांनी सांगितलेल्या खोलीवरून एक मीटरास दोन सेंटिमीटर असे प्रमाण धरून मुलांनी विहिरीचा उभा छेद काढावा. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा थर बहुधा असा असतो की, खालचा थर निवल्यावर त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने झिजला, आणि मग त्यावर नवा लाव्हा आला. शेतकरी ज्यास केवळ ‘गेरू लागला’ म्हणतो, त्यात दोन उद्रेकांमधील शांततेचा काळ साठलेला आहे.

माझ्या मते हीच तासिका सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या मुलाचे आईवडील दगड फोडतात, त्यास शाळेत आपले घर बहुधा लपवावेसे वाटते. त्या घरातील ज्ञान शिक्षकाने फळ्यावर लिहिले, तर ते मूल मान वर करते. पण सावध असावे : ‘याचे वडील दगड फोडतात, हाच सांगेल’ असे म्हणून मुलास कधीही उभे करू नये. निमंत्रण मोठ्या माणसास, मान कामास. मुलास बोलावेसे वाटले तर ते आपणहून बोलेल.

७. गावचे दगड-दप्तर

पाचही तासिकांचे फळ म्हणून एक जाड वही करावी. तीत गावातील दगडी वस्तूंची नोंद मुलांनी करावी : जाती, उखळे, पाटे, डोण्या, वीरगळ, वेशीची कमान, जुन्या विहिरी, देवळांच्या पायऱ्या. प्रत्येकीचे चित्र, जागा, मापे, दगडाचे वर्णन व तिच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती लिहावी. मिक्सर व गिरण्या आल्यापासून कित्येक जाती-पाटे परसात पालथे पडले आहेत. त्यांस टाकी लावणारे हातही कमी होत चालले आहेत. दहा वर्षांनी या वहीची किंमत आज वाटते त्याहून अधिक असेल.

वर्गाच्या एका कोपऱ्यात ओळीने पाच नमुने मांडावेत : घट्ट काळा पाषाण, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा दगड, मुरूम, भरड माती, काळी माती. खाली एवढेच लिहावे : ‘दगडाची माती होते.’ शेतकऱ्याच्या मुलास याहून जवळचा भूगोल दुसरा नाही.

८. मूल्यमापन

लेखी परीक्षेत ‘खडकांचे प्रकार लिहा’ या प्रश्नास फार तर दोन गुण ठेवावेत. उरलेले गुण प्रत्यक्ष कामास द्यावेत. मुलाच्या हाती अनोळखी दगड द्यावा व विचारावे : ‘याविषयी तू काय काय सांगू शकशील? कशावरून?’ नाव चुकले, पण ‘कशावरून’ बरोबर सांगितले, तर पुरे गुण द्यावेत. नाव बरोबर, पण ‘कशावरून’ सांगता आले नाही, तर निम्मे.

९. सावधगिरी

मुलांकडून दगड फोडून घेऊ नयेत. कपच्या डोळ्यांत जातात. भुगा करावयाचा असेल तर चुनखडीसारखा मऊ दगड फडक्यात बांधून शिक्षकाने कुटावा. सुरुंग लावणाऱ्या खाणीजवळ किंवा कठडा नसलेल्या विहिरीवर वर्ग नेऊ नये. ओढ्यातील दगड पावसाळा ओसरल्यावरच आणावेत, आणि दगड उलटताना खाली विंचू असतो हे विसरू नये. वीरगळ, मूर्ती, किल्ल्याचे व लेण्यांचे दगड यांवर खिळ्याने ओरखडा काढणे किंवा त्यांचा तुकडा आणणे सर्वथा वर्ज्य. तेथे केवळ डोळ्यांनी पाहावे व वहीत लिहावे.

समारोप

या सर्व योजनेस लागणारा खर्च म्हणजे थोडी तुरटी, एक लिंबू व एक दोरी. जे खरोखर लागते ते एवढेच की, उत्तर ठाऊक असूनही शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावे. आम्हा प्रशिक्षित शिक्षकांस हीच गोष्ट सर्वांत जड जाते. मलाही ती उशिरा साधली.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपल्या मुलांनी केलेल्या ढिगांचे नियम, मुलांच्याच शब्दांत, एका कागदावर लिहून आणावेत, अशी विनंती आहे. ते सर्व एकत्र वाचू. ‘घडणारा, फुटणारा, झिजणारा’ हे माझ्या कागदावर पहिले असतील.